बोर्डो आधी की रसायनशास्त्र आधी?

द्राक्षवाला_निफाड
काल इथे कुणीतरी लिहिलं, "विज्ञान हे मूळ, तंत्रज्ञान हे फळ. मूळ नसेल तर फळ धरत नाही." वाचून डोकंच फिरलं. बोर्डोचं, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना पाण्यात मिसळून द्राक्षावर मारतात त्या औषधाचं, काय मग? फ्रान्समध्ये बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, ते येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून. 1882 मध्ये प्राध्यापक मिलार्देंनी पाहिलं की नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) नाही. औषध शेतकऱ्याचं, नाव प्राध्यापकाचं. वाफेचं इंजिनही तसंच. न्यूकोमेननं 1712 मध्ये खाणीतलं पाणी उपसायला लावलं आणि कार्नोचं उष्णतेवरचं पुस्तक आलं 1824 मध्ये. फळ आधी, मूळ 112 वर्षांनी!

मास्तरीण_सातारा
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. रस्त्याकडेच्या वेली हिरव्या होत्या, तेव्हा आतल्या बागा डाऊनीनं जात होत्या. "इथेच का नाही?" हा प्रश्न मिलार्देंना पडला, त्यांनी प्रयोग केले, 1885 मध्ये प्रमाण जाहीर केलं. त्यानंतर ते औषध झालं, त्याआधी ते चोरांसाठीचं बुजगावणं होतं. आणि हातातला मोबाईल? मोबाईल ज्यांवर चालतो त्या रेडिओ लहरींमागची मॅक्सवेलची समीकरणं 1865 ची, हर्ट्झनं त्या लहरी प्रत्यक्ष दाखवल्या त्या वीसेक वर्षांनी. तिथे मूळच आधी होतं.

खोडदचा_शेजारी
माझं दुखणं वेगळं आहे. यान उडालं की सगळीकडे "शास्त्रज्ञांचं यश". फिटर, वेल्डर कुठे गेले? आमच्या खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या, एकूण 30. पत्रा नाही, बारीक तारेची जाळी ताणलीय, म्हणून वारा आरपार जातो. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप मोठेच, पण ती जाळी ताणणारे हात कुणाला आठवतात?

मास्तरीण_सातारा
हे मान्य. पण विषय तो नाही.

द्राक्षवाला_निफाड
विषय तोच आहे! वर्गात फळा पुसणाऱ्यांना बाग काय कळणार? 22 वर्षं फवारतोय मी.

मास्तरीण_सातारा
माझ्या वडिलांची दीड एकर बाग होती, कर्जात गेली. फळा पुसणारी म्हणू नका.

द्राक्षवाला_निफाड
शब्द चुकला, परत घेतो. मुद्दा नाही. उलट मीच विचारतो. गेल्या ऑगस्टमध्ये एक टक्का बोर्डो केलं. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, सगळं मापात. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. दुकानदार म्हणाला, "हवामान", आणि वर साडेतीन हजारांचं टॉनिक गळ्यात मारलं. सांगा, तुमचं विज्ञान काय म्हणतं?

मास्तरीण_सातारा
चुना कधीचा होता?

द्राक्षवाला_निफाड
मागच्या हंगामातली उघडी गोणी.

मास्तरीण_सातारा
मग तो चुना उरलाच नव्हता. उघडा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खडूसारखा होतो. वजन किलोभर भरतं, जोर नसतो. मोरचूद मोकळं राहिलं, त्यानं पानं जाळली. मिश्रणात खिळा बुडवून पाहिला होता?

द्राक्षवाला_निफाड
वडील विळा बुडवायचे. लाल झाला तर आणखी चुना टाकायचे. मी छापील माप धरून बसलो, विळा सोडला.

खोडदचा_शेजारी
म्हणजे वडिलांचा विळाच बरोबर ठरला. रसायनशास्त्र शिकले होते का ते?

मास्तरीण_सातारा
नव्हते, आणि तरी बरोबर होते, हे मी लिहून देते. पण मोकळं तांबं लोखंडावर बसतं, म्हणून विळा लाल होतो, हे मुलाला ठाऊक असतं तर त्यानं विळा सोडला नसता. दुकानदाराला साडेतीन हजारही दिले नसते.

द्राक्षवाला_निफाड
पैशांचं बोललात ते खरं. इंजिनाचं मात्र उत्तर नाही दिलंत.

मास्तरीण_सातारा
इंजिन तुमचं. बोर्डो अर्धं माझं.

द्राक्षवाला_निफाड
अर्धं नाही, पाव. आणि कळीचा चुना घरी विझवला तर किती दिवस चालतो, तेवढं सांगा. परवा फवारणी आहे.

मास्तरीण_सातारा
परवाचा परवाच विझवा. गाळून घ्या, मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, आणि विळा आधी घासून घ्या, गंजलेला नको.