कोर्लईच्या किल्ल्यातलं चर्च: पडू द्यायचं की राखायचं?

दर्याकाठचा
परवा एका गडप्रेमींच्या गटात कोर्लईच्या, म्हणजे रायगड जिल्ह्यात चौलजवळच्या पोर्तुगीजांच्या जुन्या समुद्रकिल्ल्यातल्या चर्चचा फोटो आला, छप्पर गेलेल्या भिंतींचा. खाली लिहिलं होतं, "फिरंग्यांची निशाणी. पडतेय तर पडू द्या, पैसा आपल्या गडांना लावा." त्याखाली होकारांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

१६८३ साली शंभूराजांनी पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, तेव्हा चौल हाती लागलं नव्हतं. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत कोर्लई मिळाला आणि १७४० च्या तहात चौलही आलं. म्हणजे हा किल्ला मराठ्यांनी जिंकलेला आहे. त्यांनी बुरुजांची नावं बदलली. चर्चच्या भिंती मात्र आजही उभ्या आहेत आणि महादेवाचं देऊळही त्याच तटाच्या आत आहे. जिंकलेल्या किल्ल्यातली एक वास्तू "आपली नाही" म्हणून ढासळू द्यायची, हे मला पटत नाही.

आणि पायथ्याच्या गावाचं काय? तिथे पोर्तुगीजमधून आलेली नो लिंग बोलतात, म्हणजे "आमची भाषा". पोर्तुगीज निघून गेले, भाषा राहिली, मराठीच्या मांडीला मांडी लावून राहिली. बोलणारे जेमतेम हजारभर. ती माणसं फिरंगी नाहीत, कोर्लईकर आहेत.

सह्यभटक्या
तो फोटो मीच टाकला होता, त्यामुळे उत्तरही मीच देतो. गावाबद्दल मी एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही. प्रश्न पैशाचा आहे. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात कोर्लई नाही. यादीबाहेरच्या कितीतरी गडांवर टाक्यांतला गाळ काढायला आम्ही रविवारी पदरमोड करून जातो. घमेली आमची, डबे आमचे. खाडीच्या अलीकडे चौलला रामेश्वराचं देऊळ आहे, त्याची अग्नी, पर्जन्य आणि वायू ही कुंडं आहेत. आधी ते बघायचं की परक्यांनी बांधलेलं प्रार्थनाघर?

आणि मराठ्यांनी काही पाडलं नाही असं भासवू नका. वसईच्या चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्याच ना? जिंकणारा जिंकल्यासारखाच वागतो.

गोदाकाठ
घंटेचा विषय निघालाच आहे तर बोलते. मी नाशिकची. नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईचीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. देऊळ १७४७ चं. आमच्याकडे एखाद्याचा आवाज मोठा असला की "नारोशंकराची घंटा" म्हणतात. आजीचा हात धरून घाटावर जायचे तेव्हा पूर आला की लोक पाणी त्या घंटेपर्यंत आलं का ते विचारायचे. ती घंटा आता नाशिकची आहे. तिला नुसती लुटीची खूण म्हटलेलं मला सहन होत नाही.

सह्यभटक्या
लूट कोण म्हणालं? मी विजयचिन्ह म्हणतोय.

कृष्णेकाठी
वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. माझ्या वडिलांनी लहानपणी मला उचलून ती मूर्ती दाखवली होती, बोट फिरवायला लावलं होतं. कुणी ती घासून काढली नाही. विजयचिन्ह म्हणा, पण जपलं ना? मग भिंतीच का नकोत?

वसईचो
सगळे घंटांवर प्रेमाने बोलताय. ज्या मनोऱ्यातून त्या उतरल्या तो मनोरा ज्यांच्या गावात रिकामा राहिला, त्यांना विचारा. मी वसईचा ख्रिस्ती, घरात सामवेदी ही आमची बोली बोलतो. शाळेत एका शिक्षकांनी भर वर्गात विचारलं होतं, "तुम्ही लोक नक्की कुठले?" पाचवीत होतो. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज पुन्हा "परक्यांनी बांधलेलं" वाचलं. बांधणारे हात कुणाचे होते, साहेब? दगड घडवायला लिस्बनहून कुणी आलं नव्हतं.

सह्यभटक्या
माझ्या तोंडी जे नाही ते घालू नका. तुमच्या शिक्षकांचं पाप माझ्या माथी का?

वसईचो
शब्द तुमचाच आहे. वर जाऊन वाचा.

चुनेवाला
भांडण थांबवा आणि भिंतीकडे बघा. मी पंधरा वर्षं जुन्या बांधकामांची दुरुस्ती करतो. गेल्या चैत्रात कोर्लईला गेलो होतो. चर्चच्या भिंतीत पिंपळ आहे, मनगटाएवढं मूळ दोन दगडांच्या सांध्यात घुसलंय. सांध्यातला चुना बोटाने खरवडला तर त्यात शिंपल्याची पांढरी चकती निघाली, नखाएवढी. चुना अजून घट्ट आहे. भिंत मरते ती वरून. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यातून पाऊस आत उतरतो, आतला भराव धुपतो आणि एका पावसाळ्यात अख्खा कोपरा बसतो.

मला भीती "पडू द्या" म्हणणाऱ्यांची नाही, हौसेने सिमेंटची गोणी घेऊन वर चढणाऱ्यांची आहे. सिमेंट ओल कोंडून ठेवतं. समुद्राचा खारा वारा, आत साचलेलं मीठ, ते फुगतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. चुना ओल बाहेर सोडतो. माझ्या आजोळच्या देवळाला गावकऱ्यांनी वर्गणी काढून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट. सहा वर्षांनी एक पोपडा मी हाताने ओढला, मागून दगडाची भुकटी ओंजळभर आली. मामा रडला होता. वर्गणी गोळा करायला तोच दारोदार फिरला होता.

सह्यभटक्या
आमच्या मंडळाने एका गडावर पायऱ्या सिमेंटने पक्क्या केल्या आहेत. त्या निदान वापरता तरी येतात. चुना परवडतो कुणाला? गवंडी मिळतात का?

चुनेवाला
मिळतात, शोधावे लागतात. चुना भिजवून मुरवायचा, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालायची, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. भर पावसात काम करायचं नाही. वेळ लागतो हे खरं. पण कोर्लईला अख्खी वास्तू नव्याने उभी करा असं मी म्हणतच नाही. छप्पर नको, रंग नको, दिवे नकोत. भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा उतार आणि पिंपळाचा बंदोबस्त, बस्स. तोही रीतसर परवानगी काढून. मूळ उपटू नका, दगडासकट येईल. बुंधा कापून औषध लावायचं, वाळू द्यायचं, मग पोकळीत पातळ चुना भरायचा.

दर्याकाठचा
मला छप्पर हवं होतं, खरं सांगतो. सणाला गावकऱ्यांना आत उभं राहता यावं म्हणून. पण तुम्ही म्हणता ते ऐकून हट्ट सोडतो.

वसईचो
छप्पर हवं की नको हे कोर्लईकरांना कुणी विचारलं? इथे नाशिक, वाई, वसई सगळे बोलले, त्या गावातलं एकही माणूस बोललेलं नाही. यात मीही आलो.

सह्यभटक्या
"परक्यांनी" हा शब्द मागे घेतो. पैशाचा अग्रक्रम मागे घेत नाही, आधी रामेश्वराची कुंडं, मग हे. घंटांबद्दलही माझं मत तेच. पण माथ्यावरून पाणी उतरतं हे आमच्या गडावरच्या सदरेलाही लागू आहे आणि तिथे आम्ही याच दिवाळीत सिमेंट टाकणार होतो. चुनेवाले दादा, गवंड्यांचा नंबर खासगीत पाठवा.

चुनेवाला
पाठवतो. आणि सिमेंटच्या गोण्या आणल्या असतील तर परत करा.