डीएसएलआरच्या झाकणाला भोक पाडून पिनहोल केला, फोटो दुधट येतोय

मंदार_सातारा

नमस्कार मंडळी. निकॉन डी३२००ची नुसती बॉडी कपाटात पडून होती, लेन्स भाची घेऊन गेली. म्हटलं सुट्टीत लेकीला पिनहोल कॅमेरा करून दाखवू. बॉडीच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला मधोमध भोक पाडलं, त्यावर पोळ्या गुंडाळायची फॉईल चिकटवली आणि टाचणीने टोचलं. फोटो येतो, पण दुधात बुडवून काढल्यासारखा. मग सगळ्यात बारीक सुई वापरली, तर अजूनच गिचमिड. भोक जितकं लहान तितकी प्रतिमा स्पष्ट, असंच शिकलो होतो ना आपण? शिवाय आकाशात काळे ठिपके दिसतात. सेन्सर गेला का? आणि एम (सगळं हाताने ठरवायचा मॅन्युअल मोड) सोडून बाकी मोडवर 'लेन्स लावलेली नाही' म्हणून अडून बसतो.

लेकीचा वेगळाच प्रश्न: पिनहोलमध्ये चित्र उलटं पडतं, मग स्क्रीनवर सुलटं कसं?

फुकटचा_सल्ला

एवढ्या खटाटोपापेक्षा जुनी ५० एमएमची लेन्स घ्या की राव.

भोसरीचे_आप्पा

वरच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. माझी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे भोक हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

पहिलं म्हणजे ती फॉईल काढून टाका. टोचलं की ती फाटते, कडा दातेरी होते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घ्या, कात्रीने कापता येतो. जाड पुठ्ठ्यावर ठेवून सुईने फक्त उंचवटा येईल इतकं दाबा, आरपार नको. उलट्या बाजूने तो उंचवटा झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग सुईचं नुसतं टोक घालून फिरवा, परत घासा. बर (भोकाच्या कडेला उरलेली धातूची खरबरीत धार) निघाली पाहिजे, सगळा खेळ कडेचा आहे. भिंगातून भोक गोल दिसेपर्यंत सोडू नका.

आता माप. निकॉनच्या माउंटपासून (लेन्स बसते ती कडी) सेन्सर ४६.५ मिमीवर. या अंतराला प्रकाशाच्या तरंगलांबीने (०.०००५५ मिमी धरा) गुणा, वर्गमूळ काढा, त्याला १.९ ने गुणा. उत्तर ०.३ मिमी. काही लोक १.९ ऐवजी लहान आकडा धरतात, मग पाव मिमीच्या आसपास येतं. तेही चालेल. त्याच्या फार खाली गेलात की विवर्तनाने, म्हणजे बारीक भोकाच्या कडेला वळून, प्रकाश पसरतो. तुमची बारीक सुई तिथेच फसली. मोजायला घरचा स्कॅनर पुरतो: १२०० डीपीआयला ०.३ मिमीचं भोक साधारण १४ पिक्सेल रुंद दिसतं.

दुधटपणा मात्र वेगळ्या कारणाने. चकचकीत पत्रा आणि झाकणाची आतली बाजू उजेड परतवतात, त्यांना काळा मॅट रंग मारा. पत्र्याच्या चारी कडांना काळी इन्सुलेशन टेप. आणि डोळा लावायची खिडकी झाका, लांब एक्स्पोजरला तिथूनही उजेड आत शिरतो. पत्रा झाकणाच्या आत फार खोल मात्र बसवू नका, फोटो घेताना बॉडीतला आरसा वर उचलला जातो, तो अडकेल. झाकणाचं ड्रिलिंग बॉडीपासून लांब, आणि कीस पूर्ण धुऊन मगच लावा.

मोडचं म्हणाल तर त्या बॉडीला चिप नसलेलं काहीही लावलं की एमच. उजेड मोजणारं मीटरही चालत नाही. ४६.५ भागिले ०.३ म्हणजे एफ/१५५ (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). कडक उन्हात आयएसओ १००ला एक सेकंदापासून सुरू करा, स्क्रीन बघून कमी-जास्त करा. ट्रायपॉड आणि सेल्फ टायमर हवाच.

अनघा_के

आप्पा, __/\__

लेकीला सांगा, लेन्ससुद्धा सेन्सरवर चित्र उलटंच पाडते. कॅमेरा ते सुलटं करून दाखवतो. हंपीला जाणं झालं तर विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली दाखवा. तिथे सुलटं करून द्यायला कोणी नाही :)

माझ्याकडे सोनीचा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा आहे. तिथे अंतर फक्त १८ मिमी, म्हणून भोक ०.१९च्या आसपास लागतं आणि चित्र चांगलंच रुंद येतं, कोपरे मात्र काळवंडतात. मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं. तुमच्या डी३२००वर तसा पसारा मिळणार नाही, आरशामुळे भोक जवळ नेताच येत नाही. फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ७० एमएम लेन्सइतकंच दिसेल. माणसांचे फोटो काढा, छान येतील. एक सेकंद हलू नका म्हणावं.

मंदार_सातारा

आप्पा, कॅनचा पत्रा, काळा रंग, खिडकीवर टेप. दुधटपणा गेला! अंगणातली तुळस ओळखू येते, पानं मऊ मऊ दिसतात. याहून स्पष्ट करायला काय करू? आणि ठिपके तसेच आहेत.

भोसरीचे_आप्पा

याहून स्पष्ट नाही होणार, आणि करूही नका. ती मऊ पानं बघायलाच तर भोक पाडलं. काटेकोर फोटो हवा तर भाचीकडून लेन्स परत मागा.

ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. लेन्स एफ/५.६ला असते तेव्हा तिची सावली पसरून विरते, एफ/१५५ला कडक उमटते. सेन्सर ठणठणीत आहे. मेन्यूतून आरसा वर घ्या, तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडाली की काम वाढतं. त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, नाहीतर आरसा मध्येच खाली येईल.