अनुभव धागा: तक्रारी निरंक

जुना_कक्ष_अधिकारी

एका सरकारी विद्यापीठात ३१ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो. समतेबाबतचे युजीसीचे विनियम २०१२ साली आले. समान संधी कक्ष काढायचा होता, भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा होता. कक्ष निघाला, म्हणजे जिन्याखालच्या खोलीला पाटी लागली. अधिकारी म्हणून एका प्राध्यापकांचं नाव कळवलं आणि फाईल माझ्या टेबलावर आली. दरवर्षी तक्ता भरायचा: प्राप्त तक्रारी, निकाली, प्रलंबित. तिन्ही रकान्यांत ‘निरंक’ लिहून, साहेबांची सही घेऊन मी पाठवून द्यायचो. खोटं नव्हतं ते, तक्रार आलीच नव्हती. खरं सांगायचं तर त्या निरंकचा मला थोडा अभिमानही होता.

परवा भाचीनं विचारलं, “मामा, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असायची?” मला आठवेना.

म्हणून हा धागा. खिडकीच्या आत किंवा बाहेर जे घडलं आणि कुठल्याच रकान्यात गेलं नाही, ते लिहा. संस्थेचं, माणसांचं नाव नको. आरक्षण असावं की नसावं यावर हजार-हजार प्रतिसादांचे धागे आधीच पडलेत, ती हौस तिकडे भागवा.

बॅकबेंचर०७

मी दुसऱ्या बाजूचा. अभियांत्रिकीला कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला. वसतिगृहातल्या पहिल्याच रात्री सीनियरनं जागावाटपाची पीडीएफ उघडली. नावापुढे कोड असतात: जीओपनएच, जीएससीएच, एलओबीसीएच. एल म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग. वाचायला पाच मिनिटांत शिकलो. समोरच्या खोलीतला मुलगा जीओपनएचवर आला होता, म्हणजे निव्वळ मार्कांवर खुली जागा. तर सीनियरनं गुणवत्ता यादी उघडून त्याचाही प्रवर्ग शोधून काढला. आम्ही त्याचा चेहरा अजून पाहिला नव्हता, जात पाठ झाली होती.

पुढे चार वर्षं त्याला कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. तो पहिला आला की म्हणायचं “पेपरच सोपा होता”, विषय राहिला की एकमेकांकडे बघायचं. बस. तक्रार काय करणार होता तो? एकमेकांकडे बघितलं म्हणून?

कानसेन

मला दिसत नाही. २०१६च्या कायद्यानं पाच टक्के जागा आहेत, प्रवेशाला अडचण आली नाही. रॅम्प आहे, लिफ्टमध्ये ब्रेल आहे. पण परीक्षा विभागाची प्रत्येक सूचना म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन. पीडीएफ उघडली की स्क्रीन रीडर म्हणतो, ‘ब्लँक’. पेपरची तारीख बदलली, ब्लँक. दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलती, त्याही ब्लँक. मेसमध्ये मित्र वाचून दाखवायचा, तोंडात घास असतानाच. त्यामुळे बरेच नियम मला चावलेल्या आवाजात पाठ आहेत.

लेखनिक घेतला की तासाला २० मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला एक तास. पर्यवेक्षकांना नियम माहीत होता, त्यांची ना नव्हती. पण पाच वाजले की इमारत बंद करायला शिपाईमामा दारात येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. किल्ल्यांचा जुडगा नुसता या हातातून त्या हातात. त्या आवाजात उत्तर सांगून बघा कुणाला तरी. मी सव्वापाचलाच ‘झालं’ म्हणायचो. चार सेमिस्टर.

चाफा

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानंतर फॉर्मवर ‘तृतीयपंथी’ असा एक गोल आला. वसतिगृहं दोनच राहिली. गोल काळा केला आणि बाहेर खोली शोधली.

स्पष्टवक्ता

आणि आमचं काय? वडील भिक्षुकी करतात. ईडब्ल्यूएसच्या दाखल्यासाठी तहसीलला सात खेपा मारल्या. ते कुठल्या समतेत बसतं?

जुना_कक्ष_अधिकारी

इथेच बसतं की. लिहा.

स्पष्टवक्ता

सातव्या खेपेला कळलं, की हवा होता राज्याच्या नमुन्यातला आणि मी काढून आणला केंद्राच्या. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “बोर्डवर लावलंय.” लावलं होतं. वर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती.

सातपुड्याची

मराठी माध्यमातून आलो आणि इंग्रजीनं गिळलं, असं बरेच जण सांगतात. मला मराठीनंच गिळलं. मी धडगावकडची, घरी पावरी बोलतो. आश्रमशाळेत शिकले ती मराठी पुस्तकातली. विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना म्हटलं, “सर, तू सही करशील का?” आमच्या घरी आजोबांनाही तूच म्हणतात. सर क्षणभर थांबले आणि सही केली. वर्ग मात्र दोन वर्षं थांबला नाही. ‘सर-तू’ हेच माझं नाव पडलं.

मग मी बोलणंच कमी केलं. तू म्हणायचं की तुम्ही, ‘आला’ की ‘आले’, हे मनात जुळवेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. अंतर्गत गुणांत ‘वर्गातील सहभाग’ असा रकाना होता. तिथे मला दहापैकी तीन. मुद्दाम कमी दिले नव्हते, मी खरंच बोलत नव्हते.

शेवटच्या सेमिस्टरला एका मॅडमनी बोलीभाषांच्या तासाला उभं केलं, म्हणाल्या, दहा मिनिटं पावरीत बोल. मी दोन काकांच्या बांधावरच्या भांडणाची गोष्ट सांगितली, शिव्यांसकट. एकालाही कळली नाही. मला फार मजा आली.

लोनस्टार

टेक्ससमधल्या एका सरकारी विद्यापीठात संशोधन करतोय. इथे तर पाट्याच उतरल्या. एसबी १७ हा कायदा आला आणि १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांत वैविध्य-समता-समावेशनाची कार्यालयं ठेवायला बंदी झाली. आमच्याकडच्या त्या कार्यालयात एक खचलेला सोफा होता, फुकट कॉफी होती आणि तिथल्या बाई माझं नाव नीट उच्चारायच्या. आता त्या दुसऱ्या विभागात फॉर्म तपासतात.

पण मला खरं टोचलं ते त्या कार्यालयात जाऊन सांगताच आलं नसतं. गणपतीच्या जेवणाला:
“पाटील? कुठले?”
“साताऱ्याकडचे.”
“तसं नाही हो. कोणते?”
ताटात मोदक, वर तूप, आणि हा प्रश्न. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं २०२२ साली भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला, तेव्हा ‘इथे कुठे आलीय जात’ म्हणून आमच्या ग्रुपवर मेसेजांचा पाऊस पडला. पाडणारे बरेचसे हेच, ‘कोणते’ विचारणारे.

खिडकी_क्र_४

मी अजून नोकरीत आहे, शिष्यवृत्ती विभागात. फलकावर आमची त्रुटी यादी लागते: नाव, प्रवर्ग, त्रुटी. अमुक तमुक, अजा, उत्पन्नाचा दाखला नाही. येताजाता सगळं कॉलेज वाचतं. गेल्या जूनमध्ये पाहिलं, तर एका नावापुढचा प्रवर्ग कुणीतरी नखानं खरवडला होता. तेवढाच चौकोन. खालचं लाकूड दिसत होतं. मी यादी काढली, नाव-प्रवर्ग उडवून नुसते अर्ज क्रमांक ठेवले आणि पुन्हा लावली.

आता रोज दहा-पंधरा मुलं खिडकीवर येतात, “मॅडम, माझा अर्ज क्रमांक कोणता?” रांग जिन्यापर्यंत जाते. साहेबांचं म्हणणं, जुनी यादीच सोयीची होती. सोमवारी त्यावर बैठक आहे.