लाइट बिल अचानक तिप्पट आलंय, कुठून सुरुवात करू?

काजवा:
नमस्कार मंडळी, आमचं महिन्याला साधारण ११० युनिटच्या आसपास बिल येतं, या वेळी थेट ३७२ युनिट आलंय. घरात नवीन काहीच घेतलेलं नाही, एसी नाही, माणसं तीच तीन. उकाडा वाढलाय हे खरं, पण त्याने एवढं? बिल आलं त्या संध्याकाळी डोकं फिरलं आणि मी आईला बोललो की तू दुपारभर पंखा लावून झोपतेस म्हणून हे असं. तेव्हापासून ती दुपारी पंखा बंद करून बसते, आणि ते बघून मला जास्तच वाईट वाटतंय. मला नक्की कारण शोधायचंय. ऑफिसात गेलो तर म्हणाले मीटर बरोबर आहे, वापर कमी करा. कुठून सुरुवात करू?

जुनीवायर:
आधी आईला पंखा लावून दे बाबा. साधा पंखा ७५ वॅटचा धर, ८ तास चालला तर ०.६ युनिट होतात, म्हणजे महिन्याचे १८. तुझे अडीचशेच्या वर वाढलेत, ते पंख्याने होणं शक्यच नाही.

आता बिल हातात घे आणि रक्कम सोडून बाकीचं सगळं वाच. बिलावरचा मीटर नंबर आणि प्रत्यक्ष मीटरवरचा नंबर एकच आहे का (शेजाऱ्याशी अदलाबदल होते, मी स्वतः पाहिलंय), मागचं रीडिंग, चालू रीडिंग, किती दिवसांचं बिल आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या दोन-तीन बिलांवर कुठे "सरासरी" किंवा "अंदाजे" असं लिहिलंय का. रीडिंग घेणारा आला आणि दार बंद असलं की अंदाजाने बिल लावतात, आणि मग पुढच्या वेळी खरं रीडिंग घेतलं की राहिलेले सगळे युनिट एकदम अंगावर येतात. मग आजचं रीडिंग बिलापेक्षा थोडं पुढे आहे ना ते बघ आणि मीटरचा फोटो काढून ठेव.

काजवा:
अहो बरोबर निघालं!! मागच्या बिलावर बारीक अक्षरात सरासरी लिहिलंय, १०० युनिट. त्याच्या आधीचं खरं रीडिंग ६२१० होतं आणि आत्ताचं ६६८२, म्हणजे दोन महिन्यांत ४७२, महिन्याला २३६ पडतात. मनावरचं अर्धं ओझं उतरलं, पण तरी ११० चे २३६ कसे झाले हे राहतंच ना.

जुनीवायर:
राहतंच. पण त्याआधी एक अर्ज दे, लेखी दे आणि पोच घे. तुमच्याकडे स्लॅबचे दर असतील तर दोन महिन्यांचे युनिट एकाच महिन्यात धरल्यामुळे वरच्या स्लॅबचा दर लागला असेल, ते युनिट दोन महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून द्या असं स्पष्ट लिही. रक्कम एकदम झेपत नसेल तर हप्ते मिळतील का तेही त्यातच विचार. बिल न भरता गप्प मात्र बसू नकोस, कनेक्शन तोडलं की ते परत जोडून घेण्याचा ताप वेगळा.

टेस्टरवाला:
वायरिंगचं काम करतो म्हणून सांगतो, उरलेलं घरातच सापडेल. मीटरवर लाल लाइट लुकलुकते, तिच्या बाजूला ३२०० किंवा १६०० असा आकडा असतो, तेवढ्या वेळा लुकलुकली की १ युनिट. ३२०० असेल तर १० ब्लिंकला किती सेकंद लागले ते मोजा आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागा, त्या क्षणी घर किती वॅट खातंय ते कळतं. १६०० असेल तर २२५०० ला भागा.

पहिल्यांदा मेन स्विच पूर्ण बंद करून पाच-दहा मिनिटं बघा. लाइट तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मध्ये कोणीतरी वायर जोडलीय किंवा मीटरच बिघडलाय, मग मीटर तपासणीचा अर्ज करा, सीलला हात लावू नका. थांबली तर सगळे एमसीबी (मेनच्या बोर्डातले, घराच्या एकेका भागाचे छोटे स्विच) बंद करून मेन चालू करा, मग एकेक चालू करत ब्लिंक मोजत जा.

उशीखालीमोबाईल:
आमच्याकडे गिझर होता. गरम पाण्याचा नळ बारीक गळत होता, बटण चालूच राहायचं आणि गिझर दिवसरात्र नवीन पाणी तापवत बसायचा. १५ लिटर पाणी ३० डिग्रीने तापवायला अर्धा युनिट जातो, त्यावरून हिशोब कर. इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरीही बघ, जुनी झाली की चार्जिंग संपतच नाही.

काजवा:
गिझर आणि इन्व्हर्टर दोन्ही नाहीत. मेन बंद केल्यावर लाइट थांबली. मग सगळी बटणं बंद करून फक्त फ्रीज ठेवला, १० ब्लिंकला ७५ सेकंद, म्हणजे १५० वॅट. तासाभराने परत मोजलं तर तेवढंच, मध्यरात्री उठून मोजलं तरी तेवढंच. हा कधी बंदच होत नाही का?

टेस्टरवाला:
सापडला. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबला पाहिजे. न थांबता चालला तर दिवसाला ३.६ युनिट, धड फ्रीज साधारण १ ते दीडमध्ये भागवतो. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज निघाला तर रबर गेलं, बाहेरची गरम हवा सारखी आत येतेय. आधी कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसून बघा, कधी नुसत्या चिकट मळानेही दार नीट बसत नाही. मागे भिंतीपासून वीतभर जागा ठेवा. आत बर्फ साठला असेल तर फ्रीज बंद करून वितळू द्या, सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटली की फ्रीजच गेला.

काजवा:
आठवड्याने लिहितोय. खालच्या कोपऱ्यात कागद अलगद निघत होता, रबर बदलून घेतलं. आता कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबतो, रात्री ती शांतता ऐकून किती बरं वाटलं काय सांगू. रोज सकाळी एकाच वेळी रीडिंग लिहितोय, आधी दिवसाला ७.८ पडत होते, आता ५.४. उरलेली वाढ उकाड्यामुळे पंखे जास्त चालतात त्याची असणार, ती मला मान्य आहे. अर्जाची पोच मिळालीय, बिलाचं अजून व्हायचंय. आईला कागदावर १८ युनिटचा हिशोब दाखवला आणि माफी मागितली, ती म्हणाली मला कळत होतं रे, फ्रीज रात्रभर घरघरतो म्हणून मी सांगितलंही होतं तुला.

एक शेवटचं, सगळं बंद आणि फ्रीजही थांबलेला असताना दीड मिनिटाला एक ब्लिंक येतोच, ते काय असेल?

टेस्टरवाला:
साडेबारा वॅट झाले. वायफायचा डबा, आणि टीव्ही रिमोटने बंद करत असाल तर तोही. दिवसाला ०.३ युनिट. टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करून परत मोजा.