आधी पेटीचा सूर मोजून घ्या

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर महागडा माइक नंतर, आधी घरात आहे त्यावर सुरुवात करा, असा सल्ला देतात, तो अगदी पटला. पण घरात पेटी-तबला असेल तर एक अडचण हमखास येते. पहिला अभंग रेकॉर्ड केला तेव्हा पेटीखाली भरलेला सिंथ (संगणकावरचा सिंथेसायझर) काही केल्या सुरात बसेना. दोन दिवस मी प्लगइनच, म्हणजे सिंथचे आवाज देणारी सॉफ्टवेअरंच, बदलत राहिलो! शेवटी मोबाइलवरचा ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं अ‍ॅप, लावला. आजोबांच्या जुन्या पेटीची पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) नेहमीच्या ४४० ऐवजी ४४६ हर्ट्झवर निघाली, म्हणजे साधारण २३ सेंट चढी (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं, काळी-पांढरी धरून, अंतर १०० सेंट).

पेटीचे सूर घासून जुळवणं कारागिराचं काम, ते घरी करू नका. त्यापेक्षा सिंथचं मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर एकदम वर-खाली करणारी सेटिंग) ४४६ करा, लगेच होतं. तबलाही त्याच पेटीला लावून घ्या.