फ्रीझरमध्ये सुकलेलं बोकडाचं कातडं वाचेल का?

रानवाट:
मंडळी, बोकडाचं डोकं-मानेचं अख्खं कातडं वर्षभराच्या वर डीप फ्रीझरमध्ये होतं, पिशवी कुठेतरी फाटली असणार, कारण आता कानांची टोकं पुठ्ठ्यासारखी कडक झालीयेत, ओठ आणि पापण्या पिवळट होऊन आक्रसल्यात. मधला भाग ठीक वाटतो, केस पक्के आहेत, वास नाही. भुसा भरल्यासारखं शोभेचं डोकं करायला फोमच्या साच्यावर चढवायचंय. हे परत मऊ होईल का? गरम पाण्यात टाकू का?

चाकूवाला:
टाकून देऊ नका एवढ्यात, पण गरम पाणी अजिबात नको!! बॅक्टेरिया वाढले की केस मुळासकट सुटतात आणि मग काहीच करता येत नाही. फ्रीझर बर्न म्हणजे कातड्यातला बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडून गेलेला असतो, तंतू कोरडे पडून एकमेकांना चिकटतात, म्हणजे तिथे पाणी परत मुरवायचं एवढंच काम, फक्त सावकाश. आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या आणि कान, ओठ, पापण्यांवर मिठाच्या थंड पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा. मग आतलं मांस, चरबी, पापुद्रा नीट खरवडून काढा, त्यातून पाणी आत जात नाही. त्यानंतर 1 लिटर थंड पाण्याला साधारण 100 ग्रॅम मीठ, आणि फक्त कडक भाग त्यात बुडवा, दर तासाला बोटांनी चाचपून बघा.

मिठागर:
साध्या पाण्यात रात्रभर ठेवलं तरी होतं की, एवढा खटाटोप कशाला

चाकूवाला:
नाही हो, मधला भाग आधीच मऊ आहे ना, तो रात्रभर विनामिठाच्या पाण्यात राहिला तर सकाळी केस हातात येतील. सगळं कातडं एकाच वेळी भिजवायची गरजच नाही.

हाडकातडी:
एक राहिलं, पिवळं दोन प्रकारचं असतं. नुसतं सुकलेलं पिवळं पाणी पिऊन परत पांढरट होतं. पण चरबी राहिलेली असेल तर ती फ्रीझरमध्येसुद्धा हळूहळू खवट होते आणि खालचं कातडं जाळते, ते तेलकट पिवळंच राहतं, ओढलं की फाटतं, भिजवून सुधारत नाही. ओठांच्या आतल्या बाजूला मुद्दाम बघा. बाकी मऊ झालं की ओठ आतल्या बाजूने चिरून उघडे करून, कानाचं कातडं आतल्या कूर्चेपासून सोडवून मोज्यासारखं उलटून लगेच बारीक, बिनआयोडीनचं मीठ चोळा, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवीन लावा. ॲसिडचं पाणी आणि कमावणं त्याच्यानंतर. आणि मीठ लावलेलं कातडं परत फ्रीझरमध्ये ठेवू नका, मिठामुळे ते पूर्ण गोठत नाही.

रानवाट:
खूप आभार दोघांचे! ओठ, पापण्या छान मऊ झाल्या, तेलकट कुठे नाही. एका कानाचं टोक मात्र अजून कडकच आहे, उलटायला गेलं की चिरतंय.

चाकूवाला:
मग थांबा, जोर लावू नका. तेवढं टोक न उलटता सोडा, दोन्ही बाजूंनी मीठ दाबून लावा. शेवटी कड खालीवर वाटली तर इपॉक्सी पुट्टीने आकार देऊन वर केस चिकटवता येतात, पण फाटलेला कान शिवला की शिवण दिसतेच.