मदत हवी आहे: दुखतंय पाठीत, खडे निघाले पित्ताशयात. कनेक्शन काय?

मंडळी, आईचं (वय ६१) उजव्या खवाट्याखाली सहा महिने दुखतंय. बाम, शेक, उशी बदलून झाली, शेवटी फिजिओ. त्या ताईंनाच शंका आली, कारण हात वर करा, मान वळवा, दुखण्यात काही फरक नाही, पण संकष्टीला साबुदाणावडे खाल्ले की रात्री अकराच्या सुमारास कळ हमखास. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे, सगळ्यात मोठा ११ मिमीचा. सर्जन म्हणाले पाठदुखी त्याचीच, नर्व्ह एकाच लेव्हलला येतात, आणि पुढचा पेशंट आत.

घरी येऊन वाचलं त्यावरून एवढं कळलं की पित्ताशयाची खबर नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत छातीच्या साधारण पाचव्या ते नवव्या लेव्हलला शिरतात, तिथेच पाठीच्या कातडीच्या नि स्नायूंच्या नसाही येतात, पुढे दोघींची लाईन एकच, आणि मेंदूला आयुष्यभर पाठीकडूनच जास्त निरोप येतात म्हणून तो पाठीचंच नाव घेतो. ठीक. पण मग तिथे अंगठ्याने दाबलं तर सुपारीएवढी गाठ खरोखर हाताला लागते आणि आई खांदा आक्रसते, ती कुठून आली? निरोपाचा पत्ता चुकला तर स्नायू का कडक व्हावा?

त्यात शेजारचे काका एका मालिशवाल्याचं नाव सांगतायत, मणके दाबून खडे विरघळवतो म्हणे. आई निम्मी तयार आहे!! ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

प्रतिसाद:
फिजिओ आहे म्हणून लिहिते. निरोप नुसता मेंदूकडे जात नाही, मज्जारज्जूतच त्या लेव्हलच्या स्नायूंच्या नसा चाळवतात आणि स्नायू आखडतो, मेंदूला विचारत बसत नाही. तव्याचा चटका बसला की हात मागे येतो तसंच, फक्त इथे चटका आतून आणि तोही पुन्हा पुन्हा. हेन्री हेड या ब्रिटिश डॉक्टरने १८९३ मध्येच कुठला अवयव बिघडला की कातडीचा कुठला पट्टा हुळहुळा होतो ते मांडलं होतं. मालिशने आखडलेपण सैल होईल, खडा नाही विरघळणार. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोनेक दिवस खांद्याचं टोक दुखलं तर घाबरू नका, पोटात भरलेल्या गॅसने श्वासपटल (छाती नि पोटामधला पडदा) चाळवतं आणि त्याची नस मानेतून येते, खांद्याच्या टोकाच्या नसाही तिथल्याच. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ काही तास थांबलीच नाही तर मात्र पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई! आईला वाचून दाखवलं, म्हणाली मग काकांना तूच सांग. एक राहिलं, गाठीसाठी फिजिओ आता चालू ठेवू की ऑपरेशननंतर?